शून्य आधी भरलं म्हणून

आत्या रागावली की कीबोर्ड बडवते, हे तिच्या ऑफिसात नव्याने आलेल्या माणसालाही पहिल्याच आठवड्यात कळतं. ऑफिसात ती कुणाचीच आत्या नाही. तिच्या धाकट्या भावाची पोरं एकदा तिला भेटायला तिथे आली, दारातूनच "आत्याऽऽ" म्हणून ओरडली आणि तेव्हापासून तिला सगळेच आत्या म्हणायला लागले. साहेबसुद्धा. तिने सुरुवातीला डोळे वटारून पाहिले, मग नाद सोडला.

तिचं काम काय, हे सांगायला गेलं की ऐकणारा जांभई देतो, म्हणून ती स्वतः कधी सांगायच्या फंदात पडत नाही. पण इथे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. डेटाबेसमध्ये काही भरायचं, त्यातलं काही काढायचं, तर त्याच्याशी एसक्यूएल नावाच्या भाषेत बोलावं लागतं. ती भाषा हाताने लिहीत बसायचा प्रोग्रामर मंडळींना येतो कंटाळा. म्हणून टूलकिट. प्रोग्रामरने आपल्या सोयीने लिहायचं, टूलकिट त्यातून एसक्यूएलचं वाक्य जुळवून देणार. या जुळवण्याला कम्पाइल करणं म्हणतात. शिवाय डेटाबेस हा महासंशयी प्राणी. त्याला नुसता आकडा देऊन भागत नाही. हा आकडा पूर्ण धर, दशांशाचा धर, की नुसती अक्षरं धर, हे बजावून सांगावं लागतं. त्या बजावण्याला टाइप कास्ट म्हणतात. आत्याची कंपनी असलं टूलकिट बनवते आणि वाक्यं नीट जुळतात की नाही, कास्ट योग्य जागी पडतो की नाही, हे आत्या बघते. केस पांढरे झाले यातच.

तिच्या साहेबांना पोरं पाठीमागे सुसाट म्हणायची. बोलणं सुसाट, चालणं सुसाट आणि टूलकिटही सुसाटच पाहिजे. दर वेळी नवं वाक्य जुळवत बसलं तर वेळ जातो, म्हणून एकदा जुळवलेल्या वाक्याचा साचा जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्यात नुसते नवे आकडे ओतायचे, ही युक्ती त्यांची. युक्ती चांगलीच होती. गिऱ्हाइकं खूश, सुसाट खूश. आत्याने तेव्हाच एकदा म्हटलं होतं, "साहेब, साचा ओळखताना नुसतं वाक्याचं रूप बघतोय आपण. आतल्या आकड्याचा प्रकार बदलला तर?" सुसाट म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे कायमचंच.

आता तो धाकटा भाऊ. चाळिशी उलटून गेली तरी घरात बाळूच. पाणीपुरवठ्याच्या प्लांटवर तो टेस्टिंगच्या खोलीत होता. टाक्यांमधून बाटलीत पाणी भरून आणायचं, त्यात गोळी विरघळवायची, पाणी गुलाबी झालं की छोट्या यंत्रात ठेवून क्लोरीन किती ते वाचायचं आणि समोरच्या कॉम्प्युटरवर भरायचं. कागद कधीच बंद झाले होते. बाळूने भरलेला आकडा पलीकडच्या कंट्रोल रूममध्ये दिसायचा आणि तो बघून तिथला ऑपरेटर क्लोरीन कमी-जास्त करायचा. हा माणूस कामात असा काटेकोर, की बायको म्हणायची, चहात साखरसुद्धा यंत्र लावून घालतील.

आणि या माणसावर आळ आला, की तो पाणी न तपासताच खुर्चीत बसून शून्यं भरतो!

झालं असं, की कंट्रोल रूममध्ये क्लोरीन शून्य दिसायला लागलं. ऑपरेटरने घाबरून क्लोरीन वाढवलं. गावभर नळाला उग्र वास. तक्रारींवर तक्रारी. मुख्य इंजिनियरांनी चौकशी केली तर सगळी शून्यं बाळू कामावर असेल त्या दिवसांची. तो सुट्टीवर असला आणि बदलीचा माणूस टेबलावर बसला, की आकडे व्यवस्थित. झालं, आणखी काय पुरावा पाहिजे? बाळू जीव तोडून सांगत राहिला, "साहेब, मी पॉइंट चार भरलं होतं हो." साहेब म्हणाले, "मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतो?" त्याला टेबलावरून उठवलं, पंपाजवळ व्हॉल्व्ह फिरवायला बसवलं आणि सांगितलं, चूक झाली म्हणून लिहून द्या, मिटवून टाकू. नाही दिलंत तर काढून टाकण्याचा प्रस्ताव वर जाईल. विचार करायला महिनाअखेरपर्यंतची मुदत.

रविवारी सकाळी बाळू ताईच्या घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. पाण्याचा पेला हातात धरून बसला, पिईना.

"लिहून देऊ का गं ताई?" तो म्हणाला. "बायको म्हणतेय, देऊन टाका एकदाचं आणि सुटा."

"नक्की पॉइंट चारच भरलं होतंस ना?" आत्याने विचारलं. "घाईघाईत कधी पॉइंट राहिला असेल, काहीतरी."

बाळूने मान वर करून नुसतं पाहिलं तिच्याकडे. आत्याला आपली जीभ चावावीशी वाटली. पण डोक्यात किडा शिरलाच होता, कारण प्लांटवरची ती यंत्रणा तिच्याच टूलकिटवर उभी आहे हे तिला ठाऊक होतं. तिने लॅपटॉप ओढला, तशीच आकडे भरायची एक रिकामी चौकट उभी केली आणि ०.४ भरलं. आलं ०.४. ०.३ भरलं, ०.३ आलं. पुन्हा भरलं. पुन्हा बरोबर.

"हे बघ, बरोबर येतंय," ती म्हणाली. आवाजाला नको तेवढी धार आली.

"तू बाजूला हो," बाळू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी असा बोलला. "मी करतो तसं करून दाखवतो. सगळं बंद करून पहिल्यापासून लाव."

तिने बंद करून पुन्हा चालू करून दिलं. बाळू खुर्चीत सरसावून बसला, जणू समोर बाटल्या मांडल्या आहेत. "सकाळी आधी ब्लँक लावायचा," तो स्वतःशीच पुटपुटला. ब्लँक म्हणजे शुद्ध पाणी. यंत्र ठीक आहे ना हे बघायला नमुन्याच्या आधी ते तपासायचं, ते शून्यच यायला हवं. त्याने ब्लँकचं ० भरलं. मग पहिल्या टाकीचं ०.४ भरलं.

पडद्यावर आलं ०.

"बघ!" बाळू उठून उभाच राहिला. "बघ, बघ! मी काय म्हणत होतो?"

आत्याला क्षणात सगळं कळलं आणि संतापाने कानशिलं तापली. दिवसाचा पहिला आकडा ०, म्हणजे पूर्ण आकडा. टूलकिटने त्यावरून साचा बनवला आणि त्या साच्यातच कास्ट पक्का करून टाकला: इथे येईल ते पूर्ण आकडा म्हणून धर. मग मागून आलेल्या पॉइंट चारचा पॉइंट आणि चार दोन्ही गेले, उरलं शून्य. साच्यांची ही आवृत्ती प्लांटवर अलीकडेच पोचली होती, आणि तिथे सर्व्हर रोज पहाटे बंद करून चालू करतात, म्हणजे साचाही रोज नवा. ज्याच्या हातून पहिला आकडा जाईल त्याच्यावर दिवसभराचं नशीब. बदलीचा माणूस ब्लँकच्या भानगडीत पडायचाच नाही. आल्या आल्या टाकीचं ०.४ भरून मोकळा. त्याचा साचा दशांशाचा, त्याचे आकडे बिनचूक. आणि जो इमानाने आधी ब्लँक लावतो, त्याच्या गळ्यात शून्यांची माळ! कुणाच्या नावाने बोटं मोडावीत?

"तुझा दोष नाही," ती म्हणाली. "आमचा आहे."

"ते मला ठाऊकच आहे गं," बाळू म्हणाला. "त्यांना कोण सांगणार?"

सोमवारी आत्या सुसाटांच्या केबिनमध्ये गेली ती लॅपटॉप उघडा धरूनच. ० भरलं, ०.४ भरलं, ० दाखवलं. सुसाटांनी पाहिलं आणि त्यांचा फोन वाजला, तो घेतला, ठेवला, परत पाहिलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "तिथल्या लोकांना सांग, ब्लँकचं शून्य भरताना शून्य पॉइंट शून्य भरा. संपला विषय."

"साहेब, पाणी मोजणाऱ्या माणसाने आपल्या साच्याची मर्जी राखत बसायचं का?"

"तसं नव्हे गं. पण साच्याच्या ओळखीत आकड्याचा प्रकार घालायचा म्हणजे एकाच वाक्याचे चार-चार साचे. टूलकिट मंदावणार. गिऱ्हाइकांना मी वेगाचा शब्द दिलाय. आणि काहींचे प्रोग्राम या कापाकापीवरच चालत असतील, ते मोडतील, त्यांना काय उत्तर देऊ?"

"आणि ज्यांचे आकडे खोटे पडतायत त्यांना?"

"कुणाचे पडतायत? एकाची तरी तक्रार आली का?"

"माझ्या भावाची नोकरी चाललीय!"

हे बोलली आणि तिचं तिलाच कळलं, की चुकलं. सुसाट खुर्चीत मागे रेलले. "असं होय," ते म्हणाले. "आत्या, घरचं काम घरी."

त्यानंतरचे दिवस आत्याने दात-ओठ खात काढले. दुरुस्ती करणं कठीण नव्हतंच. ती सुसाटांच्या गळी उतरवणं कठीण होतं. साच्याच्या ओळखीत आकड्याचा प्रकार घातला. घातल्याबरोबर टूलकिटच्या चाचण्या धडाधड लाल, म्हणजे नापास, झाल्या, कारण वाक्यांचं रूपच बदललं होतं. एकेक उघडून तपासायची, इथे कास्ट मुळात हवाच कशाला होता म्हणून कपाळ बडवायचं, पुढची उघडायची. कुठे कुणी तीन ठिकाणी तोच कास्ट घातलेला, कुठे नको तिथे घातलेला, कुठे हवा तिथे नाही. तिच्या लक्षात आलं, की निम्मे कास्ट हे डेटाबेसच्या भीतीपोटी घातलेले आहेत. ते काढून टाकले तर वाक्यं आखूड होतात आणि जुळायला वेळही कमी लागतो. मग तिने तेच धरलं. जिथे डेटाबेसच्या रकान्याचा प्रकार आधीच ठरलेला आहे तिथे कास्ट द्यायचाच नाही. नवे साचे वाढले, पण प्रत्येक साचा हलका झाला. पोरं तिच्या टेबलाजवळून जाताना हळू आवाजात विचारायची, "आत्या, चहा आणू?" ती म्हणायची, "विष आण."

शेवटी वेग पहिल्याइतकाच भरला. तिने सुसाटांना आकडे पाठवले. उत्तर आलं, "बघू."

इकडे महिनाअखेर येऊन ठेपली. बाळूचा फोन आला, मुख्य इंजिनियरांनी बोलावलंय, सही करायचा कागदही तयार आहे. आत्या रजा टाकून त्याच्याबरोबर प्लांटवर गेली. इंजिनियर वयाने तिच्याहून लहान, बोलायला गोड.

"ताई, तुमची तळमळ समजते मला," ते म्हणाले. "पण तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर काय वाट्टेल ते दाखवाल. आमच्या कॉम्प्युटरवर दाखवा."

"चला," आत्या म्हणाली.

टेस्टिंगच्या खोलीत बदलीचा माणूस उठून उभा राहिला. बाळू आपल्याच खुर्चीत परक्यासारखा बसला. त्याने ० भरलं. मग ०.४ भरलं. कंट्रोल रूममधून ऑपरेटरने ओरडून सांगितलं, "पॉइंट चार!"

आत्याने डोक्याला हात लावला. बदलीच्या माणसाने सकाळीच ०.५ भरून ठेवलं होतं, दशांशाचा साचा तयार होता. तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला: साचा, पहिला आकडा, पहाटेचा सर्व्हर. बोलताना तिचं तिलाच ते भोंदूबाबाच्या बोलण्यासारखं वाटायला लागलं. "सर्व्हर आता बंद करून चालू करा, मग दाखवते," ती म्हणाली.

"पंप चालू असताना?" इंजिनियर हसले. "काहीतरीच काय!"

"मग उद्या सकाळी येते. पण माझ्या आधी कुणी एक आकडा भरायचा नाही."

इंजिनियरांनी घड्याळाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि कसेबसे हो म्हणाले. गाडीत बाळू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, उद्याही चार आलं तर सही करतो मी. माझ्यात आता त्राण नाही." आत्या एरवी फाडकन बोलली असती. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "पहाटे तयार राहा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती दोघं टेस्टिंगच्या खोलीत हजर. इंजिनियर आले, डोळ्यांवर झोप. आत्या म्हणाली, "आम्ही दोघं हातही लावत नाही. तुम्हीच भरा."

त्यांनी ० भरलं. मग ०.४ भरलं. कंट्रोल रूममधून आवाज आला, "झीरो!"

"नीट बघ," इंजिनियर ओरडले.

"झीरोच आहे साहेब!"

त्यांनी ०.९ भरलं. "झीरो!" पुन्हा भरलं, या वेळी एकेक बटण दाबून, मोठ्याने म्हणत, पॉइंट, नऊ. "झीरो!" त्यांनी बटणांवरून हात काढला. आत्याला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल, निदान बाळूच्या खांद्यावर हात तरी ठेवेल.

"हं," इंजिनियर म्हणाले. "तांत्रिक बाब दिसते. ठीक आहे, उद्यापासून टेबलावर या तुम्ही."

बस्स! एवढंच! माणसाला खोटारडा ठरवायला भली मोठी चौकशी आणि खरा ठरवायला एक "हं". आत्याच्या तोंडाशी चांगलं चार वाक्यांचं उत्तर आलं होतं, पण बाळूने तिचा दंड धरला आणि बाहेर आणलं. बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि रडला. मग नळाखाली तोंड धुतलं आणि म्हणाला, "घरी फोन करतो."

प्लांटकडूनच रीतसर तक्रार आली म्हटल्यावर सुसाटांचं बघू एका दुपारी संपलं. आत्याची दुरुस्ती टूलकिटच्या नव्या आवृत्तीत गेली. सगळ्या गिऱ्हाइकांना जाणारी सूचना सुसाटांनी स्वतः लिहिली: स्टेटमेंट कम्पाइल करणे आणि कास्ट हाताळणे यांत सुधारणा.

"सुधारणा?" आत्या केबिनच्या दारातूनच म्हणाली. "साहेब, खोटे आकडे पडत होते, तसं लिहा."

"कशाला उगाच बोभाटा? सुधारलंय ना आता?"

"माझा भाऊ सुटला, कारण त्याची बहीण इथे बसते. ज्यांची बसत नाही त्यांचं काय?"

सुसाट हात झटकून म्हणाले, "लिही काय लिहायचंय ते. खाली नंबर तुझा टाक, माझा नको. फोन तू घ्यायचेस."

तिने लिहिलं, की आधीच्या आवृत्त्यांत दिवसाचा पहिला आकडा पूर्ण असेल तर नंतरचे दशांशाचे आकडे कापले जात होते. असे आकडे सापडले तर ती भरणाऱ्या माणसाची चूक समजू नये. शेवटचं वाक्य सुसाटांनी खोडलं, तिने परत घातलं, त्यांनी परत खोडलं, तिने परत घातलं आणि पाठवून दिलं.

बरेच दिवस फोन आले ते प्रोग्रामर लोकांचे. वैतागलेले, आमचं अमुक मोडलं, तमुक का बदललं म्हणून भांडणारे. आत्या सगळ्यांना पुरून उरली. मग एका दुपारी एक वेगळाच आवाज आला. दबकत बोलणारा माणूस. आधी दुधाच्या डेअरीत टेस्टिंगला होतो म्हणाला. तिथे अजून असलेल्या मित्राने ती सूचना वाचून दाखवली होती.

"मॅडम, आम्हीपण सकाळी आधी ब्लँक लावायचो," तो म्हणाला. "मला गेल्या वर्षी काढलं. खोटे आकडे भरतो म्हणून."

आत्या ताठ बसली. "तुम्ही मला सगळं सांगा. मी लेखी देते तुम्हाला. डेअरीच्या साहेबांशी बोलते."

"ते बघू नंतर," तो म्हणाला. "आधी एक काम कराल का? माझी बायको इथे शेजारी आहे. तिला तेवढं सांगाल का, की मी बरोबर भरलं होतं?"

"द्या त्यांना."

फोन त्या हातातून या हातात गेला. आत्याने शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं: चूक आमच्या प्रोग्रामची होती, तुमच्या मिस्टरांनी भरलेला प्रत्येक आकडा बरोबर होता.

"आत्ता सांगताय हे?" पलीकडून ती बाई म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. "फार उशीर झाला आमच्याकडून."

मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज झाला, पण बंद झाला नाही. ती नवऱ्याला विचारत होती, "अहो, मग तेव्हा ठासून का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं होतं की," तो म्हणाला. "रोज सांगत होतो."